शिंप्याची पाळी

माझा मेहुणा शिंपी. मापं घेता घेता गिऱ्हाइकांची सगळी रडगाणी ऐकून घ्यायचा. त्याचा तरुण मुलगा गेला आणि तो कात्री हातात धरून नुसता कापडाकडे बघत बसू लागला. खाजगी डॉक्टरांची फी ऐकूनच आम्ही जिना उतरलो. सरकारी दवाखान्यात बोलून उपचार करणाऱ्या बाई होत्या, पण त्यांच्याकडे त्याची पाळी यायला कितीतरी महिने गेले.

शेवटी तो बाईंच्या खोलीतून बाहेर आला, तसं मी विचारलं, "बोललास का पोराबद्दल?"

"बाईंची बाही उसवली होती, दाजी. टाके घालत बसलो. त्या त्यांच्या आईचं दुखणं सांगत होत्या, मध्येच कसं तोडणार?"

"अरे शहाण्या, तू काय दुकान मांडायला गेला होतास?"

"हातात सुई आली की तोंड बंदच होतं हो. निघताना त्या म्हणाल्या, तुम्ही तर सावरलेले दिसता, वाटलं तर परत नंबर लावा." तो बाकावर बसला. "पोराचं नाव ओठांपर्यंत आलं होतं."

खिडकीवर विचारलं, तर पुन्हा तेवढेच महिने. त्याने नंबर लावलाच नाही. आता रोज मी त्याच्या दुकानात बसून त्याला हसवायला किस्से सांगतो. तो माझंही निमूट ऐकून घेतो.