कोणता तारा, कोणाची मोटार

रविवारी सकाळी थिसिसचं शेवटचं प्रकरण एकदाचं हातावेगळं करायचं ठरवलं होतं. लॅपटॉप उघडला आणि दादांची, म्हणजे वडिलांची, हाक आली... नदीकडच्या डीपीचा, म्हणजे शेतातल्या मोटारींना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज पुन्हा गेला होता. त्यांचा चष्मा दुरुस्तीला दिलेला, म्हणून वायरमनच्या मीटरवरचा आकडा वाचायला मी.

आधी माझं रडगाणं सांगते. मी कोपरगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवते, कोल्हारहून रोज एसटीनं जाऊन-येऊन. उरलेल्या वेळात पीएचडी, सात वर्षं झाली. मिळालेली शेवटची मुदतवाढ या महिनाअखेर संपते, आणि पीएचडी नाही तर कायम नोकरी नाही. खरं सांगायचं तर दोन्हीचा कंटाळा आलाय.

विषय असा... आकाशात काही जागा क्ष-किरणांमध्ये भयंकर तेजस्वी दिसतात. बऱ्याचदा तिथे मेलेल्या ताऱ्याचा छोटासा पण प्रचंड जड गोळा शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेत असतो. तो वायू तापतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. हा शेजारी कोण ते ओळखलं की स्रोताचा वर्ग ठरतो. शेजारी मोठा निळा तारा असेल तर एक वर्ग, लहान म्हातारा असेल तर दुसरा.

गोम अशी की उपग्रह नेमकं बोट दाखवत नाही. तो एक वर्तुळ देतो, यातलाच कोणीतरी आहे, शोधा.

माझ्या वर्तुळात एक झगझगीत निळा तारा होता आणि त्याच्या बाजूला एक मिणमिणता. मी निळा धरला. कोणीही तोच धरला असता. त्यावर दोन वर्षांचं काम उभं केलं.

मध्ये दोनदा हा स्रोत काही दिवस भडकला, तेव्हा निळ्या ताऱ्याचं तेज जराही बदललं नाही. असे तारे तसेही फार बदलत नाहीत, अशी मनाची समजूत घालून मी एक तळटीप टाकली आणि पुढे गेले. मिणमिणत्याच्या तेजाच्या नोंदी उघडल्याच नाहीत. वेळ नव्हता असं सगळ्यांना सांगायचे... पण भीती वाटत होती.

असो. तर डीपी.

आमच्या डीपीवर सहा मोटारी आहेत. फ्यूज जायला लागल्यापासून सगळ्यांचं एकच म्हणणं, शेजारच्या तात्यांनी दहा एचपीची नवी मोटार बसवली तेव्हापासूनच हे सुरू झालं. सगळ्यात जास्त बोलणारे आमचे दादा. तात्यांनी मोटार सगळ्यांच्या शेवटी चालवायची असं दादांनी सगळ्यांकडून ठरवून घेतलं, आणि त्यापायी मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या उसाची एक पट्टी वाळून गेली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

वायरमन म्हणाला, "समद्या बंद करा. एकेक चालू करून बघू." इतकी साधी गोष्ट दोन वर्षांत कोणी केली नव्हती.

पहिली तात्यांची. मी आकडा वाचला, ठीक होता, फ्यूज जागेवर. मग बाकीच्या चार. सगळ्यात शेवटी आमची तीन एचपीची जुनी मोटार, जिच्यावर कोणाचाच संशय नव्हता... आकडा सरकन चढला आणि वर डीपीत फट्ट झालं, फ्यूज गेला.

आमच्या केबलच्या जॉइंटवरचं वेष्टण झिजलं होतं, तिथेच शॉर्ट होत होतं. खरं तर आमच्याच पेटीतला फ्यूज आधी जायला हवा होता. पण तो सारखा जातो म्हणून दादांनी तिथे जाड तार बसवून ठेवली होती. मग जायचा तो डीपीचाच.

वाळलेली पट्टी समोरच दिसत होती. दादा तात्यांसमोर गेले. "तात्या, मोटार आमचीच हाय. दोन वर्सं उगं तुमच्यावर आळ घेतला. चुकलो मी."

तात्या म्हणाले, "आदी ती जाड तार काढा, मंग चुकलो म्हणा." बाकीचे हसले. दादा हसले नाहीत.

दादांच्या तोंडून 'चुकलो' हा शब्द मी याआधी कधी ऐकलेला नाही. आईनंही नसेल.

घरी आले आणि न जेवताच मिणमिणत्या ताऱ्याच्या नोंदी उतरवून घेतल्या. आलेख काढायला अर्धा तास लागला. स्रोत भडकला त्या दोन्ही वेळी हा तारा त्याच्याबरोबर वर गेला होता आणि त्याच्याबरोबरच खाली आला होता. शेजारी हाच. म्हणजे वर्ग चुकला, आणि त्यावरची दोन प्रकरणंही गेली.

रडू आलं, थोडं रडूनही घेतलं. कोणाला कळलं नसतं. परीक्षक काही त्या नोंदी उघडून बघणार नव्हते... महिनाअखेर प्रत गेली असती आणि मी सुटले असते.

शेवटी गाइडना तीन ओळींचा मेल केला. सर, मी धरलेला तारा चुकीचा आहे. बाजूचा आहे. दोन प्रकरणं पुन्हा लिहावी लागतील, मुदत बहुतेक हुकेल. सरांचं उत्तर आलं, "आलेख पाठव, मग बोलू." एवढंच. पुढे काय होणार ते मलाही माहीत नाही.

खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात, मला तरी तसं काही वाटलेलं नाही. दमलेय. उद्या पहाटे उठून पुन्हा कोपरगाव आहेच.

पण एक कबूल करते. दादांनी त्या दिवशी चारचौघांत तोंड उघडलं नसतं, तर मी या महिन्यात गुपचूप डॉक्टर झाले असते.