बाईआजी आणि चावरा रुद्र

बाईआजी बोलायच्या आधी खाली बसत. समोर तीन वर्षांचं मूल असलं तर ते साहजिकच होतं. पण दिवसभर बसून बसून त्यांना अशी सवय लागली होती की मोठं माणूस आलं तरी त्या आधी सतरंजीवर टेकत आणि मग म्हणत, "हं, बोला." एकदा शिक्षण खात्यातले एक साहेब तपासणीला आले. बाईआजी बसल्या, साहेब उभेच. खुर्च्या होत्या, पण त्या वीतभर उंचीच्या. थोडा वेळ त्यांनी वरूनच प्रश्न विचारले. मग मान अवघडली असावी, बूट काढून तेही खाली बसले. बसल्याबरोबर एका मुलीनं त्यांच्या मांडीवर लाकडी ठोकळे रचायला घेतले. मनोरा पडू नये म्हणून साहेब बराच वेळ हललेच नाहीत. ते गेल्यावर बाईआजी म्हणाल्या, "अशी तपासणी पायजे. तपासणाऱ्याला जागचं हलता येऊ नाय."

शहराच्या छावणी भागातल्या एका जुन्या दगडी चर्चच्या मागं, कडुनिंबाच्या सावलीत आमची बालवाडी होती आणि तिला जोडूनच पाळणाघर. बाईआजी तिथल्या मुख्य. घराणं वैजापूरकडचं, आजोबांपासून ख्रिस्ती. बालवाडीत सगळ्या शिक्षिकांना मुलं 'बाई' म्हणत. ह्यांचे केस पांढरे बघून कुण्या पोरानं पुढं 'आजी' जोडलं आणि ते सगळ्यांनीच उचललं, अगदी चर्चच्या पाळकसाहेबांनीसुद्धा.

मी कन्नडजवळच्या खेड्यातली. बालवाडीचा कोर्स करून नोकरीला आले तेव्हा बरोबर रंगीत तक्त्यांची गुंडाळी होती. फळं, पक्षी, अक्षरं, सगळं रात्रंदिवस बसून रंगवलेलं. बाईआजींनी एकेक तक्ता मन लावून बघितला. "लई सुरेख हायेत पोरी. लाव भिंतीवर. चांगले उंच लाव, म्हंजे पोरांच्या आड येणार नायत." मला आधी राग आला आणि महिन्याभरानं हसू आलं. कारण तोपर्यंत मला कळलं होतं की आमच्याकडं आंबा तक्त्यावर दाखवत नाहीत, मुलांच्या हातात देतात आणि मग सगळे मिळून सतरंजी धुतात.

घरून मला बजावून पाठवलं होतं, "तिथं प्रार्थना म्हणायला लावतील हां." पहिल्याच दिवशी मी भीत भीत विचारलं. बाईआजी म्हणाल्या, "प्रार्थना आम्ही म्हणतो. पोरं हात जोडतात आन् खिडकीतल्या चिमणीकडं बघतात. देवाचं काय म्हणणं नाय त्याच्यावर. तू बी चिमणीकडं बघ." पुढं कितीतरी वर्षं मी चिमणीकडं बघत उभी राहिले. कुणी कधी मान वळवायला सांगितलं नाही.

पेन्सिलीच्या बाबतीत मात्र त्या हट्टी होत्या. लहान गटाला पेन्सिल नाही म्हणजे नाही. त्याऐवजी ओले रुमाल पिळायचे, कणीक मळायची, राजमा आणि चवळी वेगळी करायची. "पिळता आलं की लिहिता येतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एक बाबा वैतागून म्हणाले, "अहो, आम्ही पोराला शाळेत घातलंय का धोब्याकडं?" बाईआजी म्हणाल्या, "आधी धोब्याकडं, मग शाळेत." बाबांनी पोराला काढायची धमकी दिली. पण पोरगा घरी जाऊन स्वतःची चड्डी स्वतः पिळून वाळत घालायला लागला, तेव्हा त्याच्या आईनं धमकी मागं घेतली.

पण त्यांचं खरं पाणी मी बघितलं ते रुद्रच्या वेळी.

रुद्र जूनमध्ये आला, हर्सूलहून. वडील ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी. आई वाळूजच्या एका कंपनीत. सकाळी त्याला आमच्या फाटकात सोडायची आणि बस गाठायला पळायची. गुबगुबीत, गोरा, हसरा मुलगा. तीन वर्षं पूर्ण झाली होती, पण तोंडात शब्द दोन-चारच. आई, पानी, गाडी. शब्दांची उणीव दातांनी भरून काढलेली. पहिल्या दिवशी शेजारच्या मुलाला चावला. दुसऱ्या दिवशी मला. त्याच आठवड्यात इनायाच्या गालावर त्यानं असा चावा घेतला की दातांचा अर्धा गोल उमटला.

इनायाच्या अब्बूंची शहागंजात बेकरी होती. दुसऱ्या दिवशी ते तिला कडेवर घेऊनच आले आणि तिचा गाल बाईआजींच्या पुढं धरून म्हणाले, "मॅडम, मेरी बच्ची कोई भुट्टा है क्या?"

बाईआजी खाली बसल्या, तसे तेही बसले. चिडलेल्या माणसाला मांडी घालून चिडता येत नाही, हे मी त्या दिवशी बघितलं. पण गोष्ट तेवढ्यावर मिटली नाही. चावे वाढत गेले. इतर पालक एकत्र आले आणि शनिवारी पाळकसाहेबांकडं बैठक भरली. म्हणणं सरळ होतं, एक तर तो मुलगा राहील, नाहीतर आमची मुलं राहतील.

पाळकसाहेब सज्जन माणूस, वाद त्यांना सोसत नसे. ते हळूच म्हणाले, "बाई, काही दिवस त्याला घरीच राहू द्या की."

"घरीच होता ना साहेब तीन वर्षं," बाईआजी म्हणाल्या. "बोलता येणारी पोरं कुठं बी शिकतील. ज्याला बोलता येत नाय, त्याच्यासाठीच तर आपण दार उघडलंय. त्यालाच घरी धाडायचं तर मग आपण कुणासाठी बसलोय?"

"आणि आमच्या मुलांचं काय?" एका आईनं विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता.

बाईआजी म्हणाल्या, "सोमवारपासून तो माझ्या हाताला राहील. चावंल तर मला चावंल. दिवाळीपर्यंत बघा. नाय जमलं तर मीच त्याचा हात धरून त्याला घरी पोचवीन, आन् मी बी परत यायची नाय."

बैठक तेवढ्यावर उठली. दोन घरांनी मात्र सोमवारपासून मुलं पाठवली नाहीत.

मग रुद्र बाईआजींच्या हाताला बांधल्यासारखा फिरू लागला. खिचडी ढवळताना, रुमाल वाळत घालताना, लहानग्यांना थोपटताना तो शेजारी. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यांनी पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालायला सुरुवात केली. मी काळजीनं विचारलं तर म्हणाल्या, "चावण्याचं सोड. तू त्याचं तोंड बघितलंस का? रागावलेलं पोर चावतं आन् पळतं. हे चावतं आन् उभं राहतं. हसतं. कशाची तरी वाट बघतं."

"कशाची?"

"तेच कळंना झालंय. चल, त्याच्या घरी जाऊ."

त्याच्या आईच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही हर्सूलला गेलो. दोन खोल्यांचं घर. आई चहा ठेवायला आत गेली. पुढच्या खोलीत रुद्रची आजी आमच्याकडं पाठ करून सुपात ज्वारी पाखडत होती. आई कामावर जायला लागल्यापासून, बालवाडीत येईपर्यंत, रुद्रला तिनंच सांभाळलेलं.

रुद्र आजीच्या मागं जाऊन उभा राहिला. "आज्जे," त्यानं हाक मारली. शब्द स्पष्ट होता. आजी पाखडत राहिली. "आज्जे!" तो ओरडला. आजीचं आपलं चालूच. त्यानं तिचा पदर ओढला, तर ती मागं न बघताच म्हणाली, "हाड, हाड!" तिला वाटलं मांजर आहे. मग रुद्र वाकला आणि त्यानं तिच्या कोपराला हलकेच चावा घेतला.

आजी गर्रकन वळली. सूप बाजूला टाकलं, त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि त्याचे मुके घेत म्हणाली, "काय रं माझ्या वाघा? काय पायजे?" रुद्रचा चेहरा असा उजळला की बस.

आतून आई म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाय हो. आमाला आता सवय झाली."

बाईआजींनी माझ्याकडं बघितलं. चहा प्यायल्या, आजीच्या पाया पडल्या. रिक्षा थांब्यावर आल्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "ते चावत नाय गं पोरी. ते हाक मारतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलांना गोल बसवलं आणि नवा खेळ शिकवला. कुणी खांद्यावर थाप मारली की लगेच वळायचं आणि विचारायचं, "काय रे?" किंवा "काय गं?" झालं! दिवसभर बालवाडीत नुसत्या थापा. खिचडी वाढणाऱ्या मावशींनासुद्धा सोडलं नाही. दुपारी बाईआजींनी रुद्रचा हात धरून इनायाच्या खांद्यावर ठेवला. ती थोडी आक्रसली, पण खेळ तो खेळ. वळून म्हणाली, "काय रे?"

रुद्र बघतच राहिला. वळवायचं होतं ते माणूस वळलं होतं आणि आता काय म्हणायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

"हं," बाईआजी मला म्हणाल्या, "आता सुरू झाली ह्याची बालवाडी."

त्यानंतर त्याला शब्द भरवायचं काम आम्ही सगळ्यांनी केलं. दे, घे, चल, बघ, माझं, तुझं. चावणं एकदम थांबलं नाही. इनायाच्या अब्बूंना सगळी हकीकत कळल्यावर त्यांनी कडक टोस्टचा एक पुडा पाठवला, बरोबर निरोप, "इसको बोलो, काटनाच है तो इसे काट." पुडा त्या दिवशी सगळ्यांनीच फस्त केला. मग दर आठवड्याला नवा येऊ लागला.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी एका सकाळी रुद्रच्या हातातली लाल गाडी इनायानं ओढून घेतली. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. त्याचं तोंड उघडलेलं मला दिसलं. मी धावणार, तेवढ्यात तो मोठ्यानं म्हणाला, "माझी गाडी दे ना गं!"

आख्खं वाक्य! बाईआजींनी लांबूनच टाळ्या वाजवल्या, मावशी खिचडीचा डाव घेऊन बाहेर आल्या आणि त्या गलक्यानं घाबरून इनायानं गाडी देऊन टाकली. पालकांनी घरी ठेवलेल्या दोन मुलांपैकी एक दिवाळीनंतर परत आलं. दुसरं आलं नाही. बाईआजींना त्याची रुखरुख राहिली. "त्या पोराची चूक नव्हती," त्या अधूनमधून म्हणायच्या.

रुद्रच्या आजीचं काम मात्र त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. रुद्रच्या आईच्या मागं लागून त्यांनी म्हातारीला रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. दोन-तीन खेपा झाल्या. शेवटी कानाला मशीन बसलं, तेव्हा रुद्र आणि मीही बरोबर होतो. मशीन सुरू झाल्यावर म्हातारीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अगं बाई, लई कालवा हाय की ह्या दुनियेत! काढा, काढा ते!"

मागून रुद्र म्हणाला, "आज्जे."

तो ओरडला नव्हता. आजीनं हात खाली घेतले. हळूहळू मान वळवली आणि नातवाकडं बघत राहिली. मशीन बसवणारा माणूससुद्धा हातातलं काम सोडून उभा होता. बाईआजी तोंडाला पदर लावून खिडकीकडं वळल्या. चिमणी वगैरे काही नव्हती तिथं.

पुढं बरीच वर्षं आम्ही बरोबर काम केलं. मग बाईआजींचे गुडघे ऐकेनात. त्यांनी वैजापूरला बहिणीकडं जायचं ठरवलं. पाळकसाहेब म्हणाले, "मुलांना काही सांगू नका. दुपारी झोपली की निघा. उगीच रडतील."

"रडू द्या की," बाईआजी म्हणाल्या. "आपलं माणूस जाताना रडायचं असतं. ते बी इथंच शिकायचं."

शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि सरळ सांगितलं, "मी आज चालले. उद्या यायची नाय. मला तुमची लई आठवण येईल." काही मुलं रडली. काहींना काही कळलं नाही, पण बाकीचे रडतात म्हणून तीही रडली. बाईआजीही रडल्या, उघडपणे.

मग लहान गटातली एक मुलगी हुंदके देत म्हणाली, "मग आमची नाकं कोण पुसणार?"

बाईआजींनी माझ्याकडं बोट दाखवलं. सगळ्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. त्या मुलीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शंकेनं विचारलं, "ह्यांना येतं?"

"चांगलं येतं," बाईआजी म्हणाल्या. "मी बघितलंय."

रिक्षा फाटकाबाहेर उभी होती. मला खूप काही म्हणायचं होतं, सकाळपासून मनात जुळवलेलं. त्या आत बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. मी तोंड उघडलं, तोच त्या माझ्या मागं बघून म्हणाल्या, "अगं, फाटक लाव आधी. पोरं रस्त्यावर येतील."

मी फाटक लावलं. रिक्षा वळणाआड गेली. मागं कुणीतरी माझा पदर ओढत होतं. मी वळले, खाली बसले आणि रुमाल काढला.