उरलेले दोन भाग

"टाकायची कशी गं? ती काय आपली हाय?"

प्रयोगशाळेत वर्तमानपत्रावर पसरलेल्या मातीकडे पाहत काकांनी पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न विचारला आणि आम्ही सगळे हसलो. मातीचा नमुना तयार करण्याची एक ठरलेली रीत असते. शेतातून आणलेली माती सावलीत वाळवायची, लाकडी हातोडीने ढेकळं फोडायची, ती गोल पसरायची आणि भाकरीचे करावेत तसे तिचे चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, उरलेले दोन टाकून द्यायचे. असं करत शेवटी अर्धा किलो उरते, ती तपासायची. आम्ही नको असलेली माती बेसिनखालच्या बादलीत लोटत होतो. काकांनी आपली कागदासकट उचलली, पिशवीत भरली आणि पिशवीचं तोंड सुतळीने बांधलं.

"हिचं काय करणार, काका?" मी विचारलं.

"जिथली तिथं नेऊन ठेवनार."

काका आमच्या वर्गातले विद्यार्थी होते हे आधी सांगायला हवं, नाहीतर तुमचा समज होईल की ते प्रयोगशाळेतले शिपाई. आमचाही पहिल्या दिवशी तोच झाला होता. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात नोकरी केली. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी तरुणपणची बी.एस्सी.ची डिग्री पेटीतून काढली आणि बावन्नाव्या वर्षी विद्यापीठात मृदा आणि पर्यावरणशास्त्राला प्रवेश घेतला. खिशाला दोन पेनं, पायात रबरी चपला. हजेरीला आम्ही मोबाइलमधून डोकं न काढता "येस मॅम" म्हणायचो. काका उभे राहून "हजर" म्हणत. मॅडम त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, त्या बिचाऱ्या दर वेळी अवघडून म्हणायच्या, "काका, प्लीज, बसा ना."

मी या विषयाला आले ती दुसरीकडे नंबर लागला नाही म्हणून. आम्ही रत्नागिरीकडचे, भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीत दोन खोल्यांत राहणारे. माती म्हणजे आईच्या गॅलरीतल्या चार कुंड्या, एवढीच माझी ओळख. काका मात्र एका शेतासाठी आले होते.

ते शेत भाईंदरच्या खाडीकाठी, काका धरून तीन भावांच्या नावावर. काकांच्या लहानपणी तिथे लाल भात व्हायचा. पुढे एका उधाणाला बांध फुटला. पावसाचं पाणी बाहेर सोडणारी आणि खाडीचं आत येऊ न देणारी जी लाकडी झडप असते, जिला ते उघाडी म्हणत, तीही कुजून गेली. खारं पाणी आत शिरलं आणि जमीन पडीक झाली. धाकट्या भावाला ती विकायची होती. थोरला भाऊ, ज्याला काका दादा म्हणत, कुंपणावर बसून होता. काकांनी त्याच्याकडून दोन पावसाळे मागून घेतले. बांध स्वतः फावड्याने बांधला, नवी उघाडी बसवली. दोन पावसाळ्यांत मीठ धुऊन निघतं हे विद्यापीठाच्या कागदावर दाखवायचं आणि दादाला सहीपासून थांबवायचं, एवढ्यासाठी हा माणूस आमच्यासारख्या पोरांत बसून परीक्षा देत होता.

त्यांच्या पिशव्यांना एक चिठ्ठी असे. कुठून घेतली, किती खोलीवरून, तारीख, हे आमच्याही चिठ्ठीवर असायचं. त्यांच्या चिठ्ठीवर खाली आणखी एक शब्द असे, "परत", आणि त्यापुढे तारखेसाठी रेघ.

"काका, या रकान्याला मार्क नाहीयेत," मॅडम म्हणाल्या.

"म्हाईत हाय, मॅडम," असं म्हणून काकांनी पुढची चिठ्ठी लिहायला घेतली.

तुलनेसाठी आम्ही एकदा जवळच्या चेणे गावातली तांबडी माती आणली होती. तिचे उरलेले भाग परत करायला काकांनी मलाही ओढून नेलं. रिक्षात पिशवी मांडीवर. रिक्षावाला आरशातून बघत होता.

"चाचा, मिट्टी घर ले जा रहे हो क्या?"

"नही रे. उसको उसके घर छोडने जा रहा हूँ."

रिक्षावाल्याने आरसा दुसरीकडे वळवला. चेण्याला पोचल्यावर काकांनी तो नेमका खड्डा शोधून काढला, माती ओतली, वर हाताने थोपटलं. मी हसून फोटो काढला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे आणि मला तो पाहवत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात शेताचा पहिला निकाल आला. मीठ भाताला सोसवेल त्याच्या कितीतरी पुढे. काका अजिबात खचले नाहीत. "पयला आकडा असाच येनार. खरा तो दुसरा," म्हणाले. त्यांचं टायपिंग मीच करून द्यायची. पानभर तक्ता, खाली एक ओळ: सद्यस्थितीत भातपिकासाठी अयोग्य. नियमाप्रमाणे विभागाचा शिक्का. मी हौसेने त्याला निळं कव्हर लावलं आणि म्हटलं, "काका, घरी दाखवा की. तुम्ही काय शिकताय ते कळू दे त्यांना."

"दुसरा आकडा येऊ दे, मंग दाखवीन."

"दाखवा हो. कौतुक वाटेल त्यांना."

हे मी म्हटलं. दुसरं कोणी नाही, मी. काकांनी ते निळं कव्हर शर्टाच्या आत घालून घरी नेलं.

दुसरा पावसाळा सरला, काकांनी पुन्हा त्याच जागांवरून नमुने आणले. या वेळी मीठ मोजायच्या यंत्राचा आकडा बघून त्यांनी त्याची काडी धुतली, मातीच्या पाण्यात पुन्हा बुडवली. पुन्हा तोच आकडा. मीठ निम्म्याहूनही खाली आलं होतं. ते माझ्याकडे वळून फक्त "बाय, जिती हाय गं" म्हणाले आणि मॅडमसमोर लहान मुलासारखे रडले. त्याच दिवशी ते कागद घेऊन तडक घरी गेले.

दादाने आदल्या आठवड्यात सही केली होती. धाकट्याने निळ्या कव्हरातलं पान त्याला वाचून दाखवलं होतं. दादाला स्वतःला फार वाचता यायचं नाही, पण शिक्का त्याने बोट फिरवून पाहिला. मग काकांना म्हणाला, "तू आमच्यातला शिकलेला. तुझाच कागद मी खोटा कसा म्हनू?"

काकांनी आपल्या वाट्यावर सही केली नाही. पण त्यांचा वाटा मधला. दोन्ही बाजूंनी डंपर राडारोडा ओतत राहिले, उघाडी गाडली गेली, मधल्या पट्ट्यात सांडपाणी तुंबलं. चार महिन्यांनी त्यांनीही सही केली. प्रबंध जमा करायला ते आलेच नाहीत.

त्या दुसऱ्या नमुन्याचे उरलेले दोन भाग प्रयोगशाळेतच पडून होते. मी पिशवी उचलली आणि काकांना फोन केला. आम्ही दोघं शेताकडे गेलो. तिथे माणसाच्या उंचीएवढी भरणी होती, फुटक्या लाद्या, सिमेंटचे तुकडे, कोणाच्या तरी बाथरूमच्या निळ्या टाइल्स. काका पिशवी घेऊन कडेकडेने बराच वेळ चालले. मी मागे. मला माफी मागायची होती, ती मी मागितली नाही. त्यांना निळ्या कव्हराची आठवण असेल का, एवढंच मनात घोळत होतं. शेवटी त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

"तुज्याकडं ठेव. जागा झाली का सांगतो."

दीड वर्षाने त्यांच्या पुतणीचा फोन आला, काका गेल्याचा. जागेबद्दल त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

माझं शिक्षण झालं, नोकरी लागली. मी आता इतरांसाठी मातीचे अहवाल लिहिते आणि प्रत्येक तक्त्यावर शिक्का मारताना माझा हात थांबतो. तरी मारते. उरलेली माती बादलीत जाते. मी काही काका नाही.

मागच्या महिन्यात मी पिशवी घेऊन तिकडे गेले होते. तिथे आता टॉवर आहे. फाटकाच्या आत बाग, बागेत ट्रकने आणलेली तांबडी माती. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं.

"किसके घर जाना है, मॅडम?"

मी पेन हातात घेतलं. पिशवी माझ्या दुसऱ्या हातात होती. मागे गाडीने हॉर्न दिला, वॉचमनने पुन्हा विचारलं. मी पेन खाली ठेवलं आणि रिक्षा करून घरी आले.

आई अधूनमधून म्हणते, चांगली माती आहे, कुंडीत घालूया. मी घालू देत नाही. पिशवी गॅलरीत आहे. चिठ्ठीवरचं काकांचं अक्षर उन्हाने पुसट झालंय, पण वाचता येतं. शेताचं नाव आहे, खोली आहे, तारीख आहे. "परत" पुढची रेघ कोरी आहे.