आईकडची माणसं

चोळी काढलेली, पदर खाली, आणि सहा शिकाऊ डॉक्टर माझ्या छातीकडे बघत उभे. पुण्याचं मोठं हॉस्पिटल. मोठ्या डॉक्टरांनी गाठ दाबली आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला विचारलं, "घराण्यात कुणाला कॅन्सर?"

नवऱ्यानं टोपी हातात घेतली. "न्हाई साहेब. वडलांना न्हाई, चुलत्यांना न्हाई. आमच्यात कुणालाच न्हाई."

तो खोटं बोलला नाही. लग्न झालं की बाईचं घराणं म्हणजे सासर. आमच्या डिंभे गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही. त्यानं आपली भावकी मोजली.

मी म्हणाले, "माझी आई गाठीनंच गेली. मावशीबी."

डॉक्टर म्हणाले, "मालक बोलतायत ना? तुम्ही गप्प बसा."

शिकाऊ पोरं हसली. कागदावर लिहिलं गेलं, कुणाला नाही. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची चीड अजून जात नाही.

माझा एक स्तन काढला. बहिणीला तपासा, असं कुणी म्हटलं नाही. कसं म्हणतील? कागदावर माझी आई नव्हतीच. येडगावला दिलेली माझी धाकटी बहीण चार वर्षांनी तशाच गाठीनं गेली.

तिच्यावर उपचार करणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बसवून घेतलं. "आईकडची माणसं सांगा." असं पहिल्यांदाच कुणी विचारलं. कागदावर एकेका बाईचा त्यांनी गोल काढला. जिला हा आजार, तिचा गोल काळा. चार गोल काळे झाले. माझं रक्त तपासायला मुंबईला गेलं आणि उत्तर आलं: दोष जनुकात आहे. पोरीत उतरला असेल, नसेलही. तपासल्याशिवाय कळणार नाही.

नवरा म्हणाला, "बाहेर काढू नको. पोरीचं लग्न जमवायचंय. लोक काय म्हंतील?"

"लोक आईच्या मातीला आलं व्हतं. बहिणीच्याबी. आता पोरीच्या बोलवायचं का?"

एकोणीस वर्षांची पोर दारात उभी होती. म्हणाली, "मला कळाया पायजे, आई."

पोरीला तपासायला पुन्हा तेच हॉस्पिटल, तेच डॉक्टर. "घराण्यात कुणाला?" नवऱ्यानं टोपी काढली.

मी पुढे झाले. "त्यांना न्हाई, मला इचारा."

"बाई, एक मिनिट..."

"मागं गप बसले, तवा बहीण गेली." गोलांचा कागद मी टेबलावर पसरला. "लिहा. आई. मावशी. बहीण. मी."

लिहून होईपर्यंत मी हलले नाही. येडगावला बहिणीची लेक आहे. आता तिलाही तपासायला आणणार. तिचा बाप काय म्हणतो, ते विचारायला जाणार नाही.