ओल्या जमिनीतला खुंट

उत्तर मिशिगनमधल्या त्या छोट्या गावात चारुदत्त बोंडेला सगळे चार्ली म्हणत. नाव उच्चारता येत नाही म्हणून नव्हे, तर उच्चारून बघायची कोणाला गरजच वाटली नव्हती म्हणून. त्यानेही कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. मुळात तो कोणाच्या तोंडावर काही बोलणाऱ्यातला नव्हताच. पुढे जे घडलं त्याला त्याचा हा स्वभावच कारणीभूत झाला, असं त्याची बायको वसुधा म्हणत असे.

चारुदत्त वरुडकडचा. वडिलांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी होती, त्यामुळे डोळा कसा बांधायचा, म्हणजे एका झाडाचा कोंब दुसऱ्याच्या खोडात कसा बसवायचा, हे तो शाळेत जाण्याआधीच शिकला होता. नागपूरला शेतकी कॉलेज, मग मिशिगनमध्येच ईस्ट लॅन्सिंगला एम.एस., आणि सत्तर साली राज्याच्या वन्यजीव खात्याच्या रोपवाटिकेत नोकरी. तिथली फळझाडं माणसांसाठी नसत. ओस पडलेल्या शेतांवर खातं सफरचंदं लावी, ती हरणांसाठी, अस्वलांसाठी, ग्राउज नावाच्या रानकोंबड्यांसाठी आणि बर्फात उपाशी मरणाऱ्या पाखरांसाठी. कुठल्या जमिनीवर कुठलं झाड लावायचं आणि ते कुठल्या खुंटावर बांधायचं, हे ठरवणं चारुदत्तचं काम. खुंट म्हणजे कलमाचा खालचा, मुळाकडचा भाग. वर कुठलीही जात बांधा, झाड किती उंच होणार, किती वर्षं जगणार, पाण्यात तगणार की सडणार, हे तो खुंटच ठरवतो.

एक्याऐंशीच्या ऑक्टोबरमध्ये रूथ लिंडक्विस्ट नावाच्या बाईंनी खात्याला पत्र पाठवलं. वय एकाहत्तर, नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. कार्ल हा एकुलता एक मुलगा एकोणिसाव्या वर्षी ट्रकच्या अपघातात दगावला होता. घरासमोर रस्त्यापलीकडे त्यांची ऐंशी एकर जमीन होती, ओढ्यापर्यंत उतरत गेलेली. कार्ल तासन्‌तास त्या ओढ्याकाठी हरणं बघत बसायचा. ती जमीन त्यांना खात्याला देऊन टाकायची होती. अट एकच, तिथे जनावरांसाठी फळझाडं लावायची.

चारुदत्त जमीन बघायला गेला. त्याने गिरमिटाने ठिकठिकाणची माती काढली. वरच्या उंचवट्यावर ती बरी होती. खाली मात्र हातभर खोलीवर राखाडी चिकण लागली, तिच्यात गंजाच्या रेघा. म्हणजे वसंतात इथे पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहणार. रूथबाई रबरी बूट घालून पूर्ण वेळ त्याच्याबरोबर फिरल्या आणि नंतर त्याला घरात घेऊन गेल्या.

स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून त्याने त्यांना दोन वाटा सांगितल्या. पहिली, बियांपासून वाढवलेल्या खुंटाची. ॲन्टोनोव्का नावाचं एक रशियन सफरचंद आहे, त्याच्या रोपांची मुळं खोल जातात, थंडी सोसतात, थोडंफार पाणीही सोसतात. झाड पंचवीस फूट होतं, हरणाचं तोंड शेंड्यापर्यंत पोचत नाही, अस्वलाने फांदी मोडली तरी उभं राहतं. पण फळ धरायला आठ-दहा वर्षं लागतात. दुसरी वाट बागाईतदारांच्या बुटक्या खुंटांची. त्यांना तिसऱ्या वर्षी फळ येतं, पण त्यांच्याकडे रोज बघायला माणूस लागतो, आणि असल्या ओल्या जमिनीत त्यांची मान, म्हणजे बुंध्याचा मातीलगतचा भाग, सडते. खुंट कोणताही घेतला तरी वर तो दोन प्रकारची कलमं बांधणार होता. नोव्हेंबरात उशिरा गळणारी सफरचंदं हरणांसाठी, आणि बोराएवढ्या फळांची क्रॅबॲपल ही रानसफरचंदाची जात, जिची फळं फेब्रुवारीपर्यंत फांदीला धरून राहतात, ती पाखरांसाठी.

रूथबाईंनी फार विचार केला नाही. "मला बघायला नकोत," त्या म्हणाल्या. "टिकायला हवीत."

त्याने वहीत तसं लिहून घेतलं. परतताना त्याला फार बरं वाटत होतं. अकरा वर्षांच्या नोकरीत इतक्या नीट ऐकून घेणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं.

त्या हिवाळ्यात राज्याची तिजोरी आटली. डेट्रॉइटचे कारखाने बंद पडत होते आणि त्याची झळ इतक्या उत्तरेलाही पोचली. रोपवाटिकेतल्या पाच माणसांपैकी दोघांना फेब्रुवारीत घरी बसवलं. त्याच महिन्यात विभागाचा प्रमुख नॉर्मन हॅस्केल याने चारुदत्तला बोलावून घेतलं. एका खासगी नर्सरीच्या ऑर्डरी रद्द झाल्या होत्या आणि उरलेली सोळाशे कलमं ती खात्याला फुकट देत होती. सगळी एकाच खुंटावरची, एम.एम. एकशे सहा. मध्यम उंचीचा, लवकर फळणारा, बागांसाठी उत्तम खुंट. आणि पाणी साचणाऱ्या चिकणीत हमखास सडणारा.

हॅस्केलला ती सगळी लिंडक्विस्टबाईंच्या जमिनीवर लावायची होती. ॲन्टोनोव्काची ऑर्डर त्याने रद्द करूनही टाकली होती.

चारुदत्तने तोंडी विरोध केला नाही. घरी जाऊन दोन पानी टिपण लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं. हॅस्केलने ते उभ्याउभ्या वाचलं आणि परत केलं.

"हे फाइलला लावू नकोस, चार्ली. एप्रिलमध्ये झाडं लागली नाहीत, तर ही रोपवाटिका हवीच कशाला असं वरून विचारतील. मग तू कुठे जाशील आणि मी कुठे?"

मग त्याने एक छापील फॉर्म पुढे सरकवला. लागवडीच्या प्रत्येक जागेसाठी तो भरावा लागे. शेवटची ओळ होती, निवडलेला खुंट या जमिनीस योग्य आहे. खाली फळशास्त्रज्ञाची सही. चारुदत्तने सही केली.

वसुधा गावच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती. संध्याकाळी त्याने तिला सगळं सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "त्या बाईंना सांगितलंत?"

"सांगितलं तर त्या जमीन देणारच नाहीत."

"मग नाही देणार. त्यांची जमीन आहे."

वसुधाने पुन्हा विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून कामाच्या गोष्टी तो घरी सांगेनासा झाला.

मार्चमध्ये, बक्षीसपत्रावर सही करायला जाण्याच्या आदल्या दिवशी, रूथबाईंचा ऑफिसात फोन आला. त्यांना कागदांतलं फारसं कळत नव्हतं आणि वकिलापेक्षा त्यांचा चारुदत्तवर जास्त विश्वास होता. सगळं ठरल्याप्रमाणेच आहे ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. चारुदत्त म्हणाला, "हो." शेजारच्या टेबलावर तेव्हा कोणीही नव्हतं. हॅस्केल गावातही नव्हता. खरं सांगायला त्याला कोणाचीही आडकाठी नव्हती, आणि पुढे आयुष्यभर त्याला हीच गोष्ट टोचत राहिली.

एप्रिलमध्ये झाडं लागली. ओढ्याकडच्या ओळी तरी मातीचे उंचवटे करून त्यांवर लावाव्यात असा त्याने आग्रह धरला. कामगारांनी दोन ओळी तशा केल्या. मग वेळ संपला आणि उरलेली सगळी झाडं ट्रॅक्टरमागच्या यंत्राने सपाट जमिनीत खोचली गेली. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. फोटोत रूथबाई मध्ये आहेत, एका बाजूला हॅस्केल, दुसऱ्या बाजूला चारुदत्त.

चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात झाडांना पहिली फळं लागली. फार नव्हेत, कुठे चार, कुठे दहा. पण ऑक्टोबर संपता संपता हरणं येऊ लागली आणि रूथबाईंना ती आपल्या खिडकीतून दिसू लागली. त्या स्वतः गाडी चालवत रोपवाटिकेत आल्या. हातात सफरचंदं घालून भाजलेल्या गरम ॲपल पायचं ताट होतं, कापडात गुंडाळलेलं.

"तू दहा वर्षं म्हणाला होतास," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "मला वाटलं होतं, मला काही हे दिसायचं नाही."

"काही झाडं घाई करतात," चारुदत्त म्हणाला.

त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. तो ॲपल पाय त्याने घरी नेला नाही, तिथल्या माणसांना वाटून टाकला. स्वतः चवही घेतली नाही.

त्यानंतरचे दोन्ही वसंत ओले गेले. पंच्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये ओढ्याकडची काही झाडं वेळेआधीच तांबडी पडली. रूथबाईंना तो रंग सुंदर वाटला, तसं त्यांनी कार्डावर लिहूनही पाठवलं. चारुदत्त जाऊन एका झाडापाशी गुडघ्यांवर बसला आणि बुंध्याजवळची माती हाताने उकरली. साल नारिंगी-तपकिरी झाली होती. नखाने खरवडताच सुटून आली. आतून आंबूस वास आला.

हा वास त्याच्या ओळखीचा होता. तो अकरा वर्षांचा असताना वडील त्याला वरुडजवळच्या एका बागेत घेऊन गेले होते. कलमं वडिलांच्याच नर्सरीतली, जमिनीपासून चांगली वीतभर वर डोळा बांधलेली. मालकाने ती डोळ्यापर्यंत मातीत गाडली होती आणि आळ्यांत पाणी तुंबवलं होतं. बुंध्यांतून डिंक वाहत होता. वडिलांनी त्याला माती उकरायला लावली, वास घ्यायला लावला आणि मग मालकासमोर म्हणाले, चूक माझी, लावताना मी इथे उभं राहायला हवं होतं. पुढच्या मोसमात त्यांनी नवी कलमं दिली आणि लावून होईपर्यंत दोन दिवस तिथून हलले नाहीत.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यापर्यंत खालच्या भागातलं निम्मं रान वाळलं. सप्टेंबरात पाऊस लागला तो दोन आठवडे थांबलाच नाही, आणि ओढ्याचं पाणी ओळींत शिरलं. पाणी उतरलं तेव्हा काही झाडं फळांसकट आडवी झाली होती, मानेशी मोडून, जणू कुणी बुंधा पिळून टाकला असावा. हरणं दोन दिवस ती फळं खात होती.

रूथबाईंनी फोन केला नाही. चारुदत्त आपण होऊन गेला. त्या दारातच उभ्या होत्या. वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्या एकदम लहानखुऱ्या दिसायला लागल्या होत्या. झाडांना काय झालं, त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं. खुंट कुठला होता, कुठून आला, त्याने टिपण लिहिलं होतं, ते परत आलं, मग त्याने सही केली. टिपणाचा भाग तो जरा लांबवून सांगत होता, हे त्याचं त्यालाच जाणवलं आणि तो थांबला.

"मी फोन केला होता, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी ॲपल पाय घेऊन आले तेव्हा?"

"हो."

त्यांनी त्याच्या खांद्यावरून पलीकडच्या शेताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तू त्या दिवशी खरं सांगितलं असतंस, तरी मी जमीन दिली असती. झाडं नुसती वरच्या उंचवट्यावरच लावा म्हटलं असतं." आणि त्यांनी दार लावलं. जोरात नाही, नेहमीसारखंच.

नोव्हेंबरात त्यांनी खात्याकडे जमीन परत मागितली. अट मोडली, असं त्यांचं म्हणणं. हॅस्केलने आपण दिलेल्या उत्तराची प्रत चारुदत्तला दाखवली. झाडांची निवड शास्त्रीय पद्धतीने झाली होती, नुकसान अतिवृष्टीने झालं, सोबत पुरावा जोडला आहे. पुरावा म्हणजे तो छापील फॉर्म, खाली चारुदत्तची सही.

त्या दिवशी त्याने आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांना डावलून पत्र लिहिलं, थेट राजधानीला. फॉर्ममधलं विधान खोटं होतं, सही करताना मला ते माहीत होतं, बाईंची मागणी न्याय्य आहे. वसुधाने ते टाइप करून दिलं. लिफाफा बंद करून झाल्यावर म्हणाली, "पाच वर्षं लागली तुम्हांला." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे त्याला ते जास्त लागलं.

पत्राला दोन महिने पोच नव्हती. मग त्याची बदली झाली. झाडांवरून काढून त्याला बियांच्या गोदामात बसवलं. फेब्रुवारीत रूथबाईंना न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात त्या गेल्या. गोदामात वर्तमानपत्र येई, त्यातून त्याला हे कळलं. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसला. बाईंच्या भाचीने त्याला ओळखलं आणि मान फिरवली. मार्चमध्ये राजधानीहून एका ओळीचं उत्तर आलं. अर्जदार हयात नसल्यामुळे प्रकरण बंद करण्यात आलं आहे.

त्याच एप्रिलमध्ये चारुदत्तने परसात बियांपासून वाढवलेली साठ रोपं गाडीत भरली. ॲन्टोनोव्काची, गेल्या साली स्वतः कलमं बांधलेली. परवानगी मागितली तेव्हा हॅस्केल म्हणाला, काय करायचं ते कर, मला सांगू नकोस. तीन शनिवार-रविवार तो आणि वसुधा वरच्या उंचवट्यावर खड्डे खणत होते. तिने प्रत्येक बुंध्याला उंदरांपासून वाचवायला जाळी गुंडाळली, त्याने हरणांना अडवायला तारेचं कडं लावलं. रस्त्यापलीकडच्या घराला विक्रीची पाटी लागली होती.

पहिल्या हिवाळ्यात बर्फाखालून उंदरांनी जाळी चुकवून काहींची साल कुरतडली. दुसऱ्या वर्षी अठ्ठ्याऐंशीचा कोरडा उन्हाळा आला आणि पाणी घालायला त्याला गोदामातून रोज सुटता येईना. एकोणनव्वदमध्ये त्याने लवकर निवृत्ती घेतली. वसुधाला दक्षिणेतल्या कॅरी या शहराजवळच्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळाली होती. सामान ट्रकमध्ये चढल्यावर तो एकटाच शेतावर जाऊन आला. तेवीस झाडं उभी होती, त्याच्या कमरेला लागतील इतकी. फुलाला अजून पाच-सहा वर्षं तरी होती. खालच्या भागात ओढ्यापर्यंत नुसतं गवत माजलं होतं आणि त्यात जुन्या बुंध्यांचे काळे खोडवे होते.

वसुधाने गाडीत विचारलं, किती राहिली. त्याने आकडा सांगितला. मग ते दक्षिणेकडे निघाले.