तात्यांच्या खडूच्या रेघा

तात्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेन कधी दिसलं नाही, खडू मात्र कायम असायचा. शाळेतला, पांढरा, अर्धा झिजलेला. धरणावर गेट चालवण्याच्या नोकरीत तो त्यांच्या खिशात शिरला आणि निवृत्तीनंतरही बाहेर पडला नाही. बिघडलेली वस्तू समोर आली की तात्या तिला हात लावण्याआधी खडू काढत. जिथपर्यंत सगळं ठीक असल्याची खात्री पटली तिथं एक रेघ मारायची, मग पुढं सरकायचं. आणि दर रेघेला एकच प्रश्न, "पानी कुठवर आलं?" वस्तू पंखा असो, शिलाई मशीन असो, नाहीतर कुणाचा अडकलेला दाखला असो, प्रश्न पाण्याचाच. या प्रश्नानं मला जेवढा वैताग दिला तेवढा माझ्या साहेबांनीही दिलेला नाही.

भातसानगरच्या वसाहतीत आमचं घर त्यांच्या शेजारी. माझे वडील आणि ते एकाच पाळीला असत. एकदा आमच्या मोरीतला नळ आटला. वडील तडक नवा नळ घेऊन आले. तात्यांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि गच्चीवरच्या टाकीपासून सुरुवात करून एकेक जोड सोडवत, रेघा मारत खाली आले. तास गेला. शेवटी नळाच्या तोंडाशीच जाळीत अडकलेला शेवाळाचा गोळा निघाला. "मी पैल्यापासून सांगत होतो, नळच हाय म्हणून," वडील करवादले. "तुमी सांगत होता. आता आपल्याला ठावं झालं," तात्या शांतपणे म्हणाले. वडील आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. रागाच्या बाबतीत मी वडिलांवर गेलो आहे.

निवृत्त झाल्यावर तात्या आणि माई मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या आपल्या वाडीत राहायला गेले. मी वाशिंदला राहतो, कल्याणच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माई म्हणजे तात्यांची बायको, त्या भागातली नावाजलेली धवलारीण. लग्नात हळदीपासून वरात निघेपर्यंत जी गाणी बाया म्हणतात ते धवले, आणि ते सगळे तोंडपाठ असणारी ती धवलारीण. माईंशिवाय आसपासच्या वाड्यांत लग्न लागत नसे. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, आवाजही गेला. बोलणं घोगरं, तुटक राहिलं, गाणं संपलंच.

राहिल्या होत्या त्या तात्यांनी वेळोवेळी भरून ठेवलेल्या कॅसेटी. शेजारच्या घरातल्या मुलीचं लग्न माघात ठरलं, आणि वाडीतल्या दोन सुना धवले शिकायला तयार झाल्या. माई गाऊ शकत नव्हत्या, पण चूक दाखवू शकत होत्या. गाणं थांबवायचं, मागं न्यायचं, तीच ओळ पुन्हा ऐकवायची, एवढं त्यांना डाव्या हातानं जमलं तर दोघी तयार होणार होत्या. नाहीतर धवले माईंबरोबरच जाणार होते. तात्यांनी मला हे एकदाच सांगितलं आणि माईंकडं न बघता म्हणाले, "तिला घाई हाय रे, विन्या."

मी ऑफिसातून बाद झालेला एक कॉम्प्युटर मिळवला. इतका जुना की त्याच्यावर लिनक्स या फुकटच्या सिस्टिमशिवाय काही चालेना. कॅसेटी त्यात उतरवल्या. माउस माईंच्या डाव्या हातात फिरेना, म्हणून रिमोटचे किरण झेलणारा, पेनड्राइव्हएवढा एक रिसीव्हर मागवला. सोबत आलेल्या रिमोटवर तो वाशिंदला माझ्या टेबलावर झकास चालला. मी छाती काढून मोटारसायकलवरून वाडीत पोचलो. माईंनी तो रिमोट हातात घेतला, साबुदाण्याएवढ्या बटनांवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. "मना माझाच पायजे," म्हणाल्या. त्यांचा म्हणजे बंद पडलेल्या टीव्हीचा, प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून जपलेला. त्याची बटनं त्यांच्या अंगठ्याला न बघता सापडत होती. त्या रिमोटला रिसीव्हर ओळख दाखवेना.

पहिला रविवार असा गेला. दुसरा रिमोट जोडायला लागणारा प्रोग्राम मी आणलाच नव्हता आणि वाडीत मोबाइलला रेंज नाही. रेंजसाठी देवळामागच्या टेकाडावर चढायचं, तिथं काहीतरी वाचायचं, ते विसरायच्या आत खाली पळत यायचं. दुसऱ्या रविवारी प्रोग्राम आणला, तर कुठल्या बटनानं काय करायचं ती यादी कुठल्या फाइलीत लिहायची यावरून इंटरनेटवर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं लिहिलेलं. जुनं सांगणारे जुनं सांगत होते, नवं सांगणारे नवं, आणि आपण कुठल्या काळातलं बोलतोय हे कुणीच सांगत नव्हतं. मी यादी लिही, पुन्हा लिही, मशीन बंद-चालू कर. मागं खाटेवर माई हातात रिमोट धरून बसलेल्या, दोन्ही सुना भिंतीला टेकून बसलेल्या, आणि शेजारी तात्या दर दहा मिनिटांनी, "पानी कुठवर आलं?"

तिसऱ्या रविवारी माझं डोकं फिरलं. "तात्या, हे धरण नाय! इथं पानी नाय, पाइप नाय, काय नाय! तुमी जरा गप बसा!" मी ओरडलो. सुना उठून बाहेर गेल्या. मला वाटलं आता तात्याही आठवडाभर बोलायचे नाहीत. त्यांनी खिशातून खडू काढला, टेबलावर एका टोकाला चौकोन काढला आणि त्यावर रिमोट ठेवला. "हितून निघतं ना?" मी चिडूनच मोबाइलचा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी धरला आणि बटन दाबलं. डोळ्याला न दिसणारा उजेड पडद्यावर जांभळा लुकलुकला. "निघतं." एक रेघ. रिसीव्हरसमोर बटन दाबलं, त्याच्या बारीक तांबड्या दिव्याची उघडझाप झाली. "हितवर आलं." दुसरी रेघ. मग कॉम्प्युटर. आत काही पोचतंय का हे दाखवणारी एक आज्ञा असते, ती मी तीन रविवारांत एकदाही चालवली नव्हती. चालवली. बटन दाबलं. पडदा कोरा.

"मंग हितंच आडलंय," तात्या म्हणाले.

तिथंच अडलं होतं. दर कंपनीचा रिमोट आपल्या पद्धतीनं लुकलुकतो, आणि लिनक्स फक्त सोबत आलेल्या रिमोटची पद्धत ऐकत बसलं होतं. माईंच्या रिमोटची पद्धत उघडून दिल्याबरोबर पडद्यावर दर बटनाला आकडा उमटायला लागला. मी ज्या यादीवर तीन रविवार डोकं फोडलं तिच्यापर्यंत पाणी आलंच नव्हतं. तात्यांनी वहीत एकेका बटनासमोर त्याचा आकडा लिहून घेतला, मी ते आकडे यादीत भरले आणि बटनं चालायला लागली. तरी मधलं 'ओके'चं बटन हटून बसलं. आकडा उमटायचा, गाणं थांबायचं नाही. या बटनाला लिनक्सनं नेमून दिलेला क्रमांक एवढा मोठा होता, की तो पुढं गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामपर्यंत पोचतच नव्हता. "म्हंजे पाट भरलाय, पण पानी काढायची मोरी ल्हान हाय," तात्या म्हणाले. मी त्या बटनाला स्पेसबारचं काम दिलं. माईंनी दाबलं. वीस वर्षांपूर्वीच्या माई हळदीचा धवला म्हणता म्हणता थांबल्या. आजच्या माई घोगऱ्या आवाजात सुनांना म्हणाल्या, "आता म्हना." मी ओरडल्याबद्दल तात्यांची माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

चौथ्या दिवशी टेकाडावरून तात्यांचा फोन. लाइट जाऊन आली आणि रिमोट पुन्हा मुका झाला. कॉम्प्युटर आपोआप सुरू होऊन गाणी उघडेल अशी सोय मी केली होती, पण रिमोटची पद्धत तो दर वेळी विसरत होता. मी फोनवरून एक लांबलचक इंग्रजी ओळ सांगितली. तात्यांनी ती अक्षर अक्षर करून लिहून घेतली. "लाइट गेली की एवढी मारा, पुढच्या रविवारी कायमचं करून टाकतो," मी म्हणालो. पुढच्या रविवारी साडूकडे वास्तुशांत होती. त्याच्या पुढच्या रविवारी कंटाळा आला. तात्यांनी एकदाही आठवण केली नाही. टेकाडावरून फोन आला की मी विचारायचो, तर म्हणायचे, "चाललंय. आता तेलवणाच्या धवल्यापावेतो आल्यात दोघी."

मार्गशीर्षात पाच दिवसांच्या तापानं तात्या गेले. मला शहापूरच्या एका ओळखीच्याकडून कळलं तोवर सगळं उरकलं होतं. मी तेराव्याला पोचलो. माणसं जेवून गेल्यावर माईंनी मला खाटेजवळ बोलावलं. लग्नाला महिना उरला होता, निम्मे धवले व्हायचे होते, आणि तात्या तापात असतानाच लाइट गेली होती, तेव्हापासून रिमोट मुका. सुनांनी तात्यांचा कागद बघून ओळ मारून पाहिली होती, जमली नव्हती. मी कागद पाहिला. अक्षरं सगळी बरोबर होती, पण मध्ये मोकळी जागा कुठं कुठं सोडायची ते लिहिलेलं नव्हतं. ते तात्यांच्या बोटाला पाठ झालं होतं.

मी टेबलाशी बसलो तेव्हा बाजूची भिंत दिसली. खडूच्या रेघा. चार उभ्या, एक आडवी, पुन्हा चार उभ्या, एक आडवी, टेबलापासून पार खिडकीपर्यंत. "हे काय?" मी विचारलं. माई म्हणाल्या, "लाइट गेली का ती ओळ मारायची. मारली का रेघ. चष्मा लावून येका बोटानं. अर्धा अर्धा तास लागं." मी रेघा मोजायला लागलो आणि थोड्या वेळानं सोडून दिलं.

कॉम्प्युटरला सुरू होतानाच रिमोटची यादी आणि पद्धत उचलायला सांगणारी एक ओळ एका फाइलीत लिहायची असते. मी ती लिहिली. मेन स्विच पाडला, पुन्हा चढवला. कॉम्प्युटर घरघरला, गाणी उघडली. माईंनी डाव्या अंगठ्यानं बटन दाबलं आणि त्यांचाच भरलेला आवाज घरात आला. त्यांनी तो मध्येच थांबवला आणि माझ्याकडं बघितलं. ती ओळ लिहायला मला दोन मिनिटंही लागली नव्हती.

"येवढंच होतं?" माईंनी विचारलं.

"एवढंच होतं, माई," मी म्हणालो. रिमोट रिसीव्हरकडं धरून त्यांनी तीच ओळ पुन्हा मागं नेली.