आधी कोण आलं

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. ठाणे-कल्याण पट्ट्यात बाहेरून माणसं किती येतात, कुठून येतात आणि का येतात, याची एक सरकारी पाहणी निघाली. अशा कामाला हक्काने जुंपायचा प्राणी म्हणजे शाळामास्तर, त्यामुळे माझी नेमणूक झाली. मी राहायला डोंबिवलीत, शाळा कळव्याला. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मूळचा डोंबिवलीकर एकही नव्हता. बाहेरचे लोक फार आले, ही तक्रार मात्र झाडून सगळ्यांची होती.

आधी प्रशिक्षण झालं. नारळ फुटला, हार घातले गेले. साहेब म्हणाले, अचूक आकडे आले की नळ, शाळा, दवाखाने मागोमाग येतात. ते स्वतःच तासभर उशिरा आले होते, त्यामुळे या मागोमागबद्दल मला शंका होती. माहिती गुप्त राहील, हे त्यांनी तीनदा सांगितलं. एकदा सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला असता.

मला शाळेपासून जवळचीच, खाडीकडेची एक वस्ती मिळाली. पहिल्या घरी विचारलं, इथे किती वर्षं राहता? पंधरा. दुसऱ्या घरी पंधरा. तिसऱ्या घराचे पत्रे अजून चकाकत होते, तिथेही पंधरा. जुन्या रहिवाशांची घरं पाडणार नाहीत, अशी बातमी कोणीतरी आणली होती आणि गल्लीने एकमताने आकडा ठरवून टाकला होता. गल्लीच्या तोंडाशी मासळीची पाटी घेऊन बसलेली म्हातारी कोळीण हसत होती.

"मास्तर, पंधरा वर्सांखाली हितं माजी सासू चिखलातली मासली, निवट्या धरायची. ही मानसं काय पान्यात ऱ्हायची?"

मी पंधरा लिहीत गेलो. खोटं आहे हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि कागदाला काय.

पुढच्या घरी एक बाई दारातच आडवी उभी राहिली. नवरा कंपनीत पाळीला गेला होता.

"कुणी धाडलं तुमाला?"

"सरकारनं."

"मागल्या साली बी सरकारनंच धाडलेले. नावं लिवून नेली, आन् आठ दिसांनी घरं तोडायची गाडी आली. मागली गल्ली पुरी उचलून नेली."

"मी शाळेत मास्तर आहे, बाई."

"आसाल. गाडीवर होते ते बी घरी कुनाचे बापच आसतील."

मी पेनाचं टोपण काढलं. तरी तिने नाव सांगितलं, जालन्याकडचं गाव सांगितलं, आणि वर्षं अर्थातच पंधरा. पुढचा रकाना होता येण्याचं कारण. लग्न झालेली बाई दिसली की 'लग्न' लिहून मोकळं व्हा, वेळ वाचतो, असं आम्हाला शिकवलं होतं. मी लिहिता लिहिता म्हटलं, "लग्न होऊन आलात ना, नवऱ्यामागे?"

"कोन म्हनलं?" तिचा आवाज चढला. "मी आदी आले! गावात प्यायला पानी न्हाई, आन् घरधनी म्हने, थांब, बगू. बसला बगत. मी पोरगी सासूपाशी ठिवली आन् बायांच्या टोळीसंगं आले. तुमच्या त्या शाळंचा पाया खांदत व्हते, तितं घमेली उचलली. मंग खोली केली, मंग त्याला सांगावा धाडला, ये म्हनलं आता."

आमच्या शाळेच्या नव्या इमारतीचा पाया चार वर्षांपूर्वी खणला होता. त्या पायाभरणीच्या समारंभातली भाषणं मी उन्हात बसून ऐकली होती. कोनशिलेवरची तारीख रोज येता-जाता दिसायची. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं, आपण काय बोलून गेलो ते. ती एकदम हळू झाली.

"दादा, वर्सं पंधराच लिवा. त्या शाळंचं नका लिवू."

"बरं."

"पन त्याच्यामागं आले, आसं बी लिवू नका."

तिला वाचता येत नव्हतं, तरी पेनावरची नजर तिने हलवली नाही. मी पंधरा लिहिलं आणि कारण लिहिलं, कामधंदा. तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा वाचताना मी बदलतो की काय, हे ती तपासत होती.

ठाण्याच्या कचेरीत आमच्या पर्यवेक्षकांनी फॉर्म चाळले आणि नेमके तिथेच थांबले.

"बाई कामासाठी आली? आणि नवरा मागून? मास्तर, चुकलं तुमचं."

"तिनेच सांगितलं."

"अहो, त्या काहीही सांगतात." त्यांनी लाल पेनाने 'कामधंदा' खोडून वर 'लग्न' लिहिलं. मग पंधराच्या उभ्या रांगेवरून बोट फिरवत म्हणाले, "हे मात्र छान. कुठे फरक नाही."

वाद घातला असता तर, तुम्हाला कसं माहीत, हा प्रश्न आला असता, मग शाळा निघाली असती, मग तारीख. तिच्या घरासाठी मी गप्प बसलो, असं मी लोकलमध्ये स्वतःला सांगितलं. घरी जायची घाई होती, हेही खरं असू शकेल.

दोन-तीन महिन्यांनी मी त्या गल्लीवरून जात असताना तिने मला ओळखलं. गाडी अजून आली नव्हती.

"मास्तर, काय ऱ्हायलं मंग कागदावर?"

"तुम्ही सांगितलं तेच."

"दोनी?"

"दोन्ही."

तिने माझ्या खिशातल्या पेनाकडे बघितलं. मग "बरं," म्हणाली, आत गेली आणि दाराला आतून कडी लावली.